वळचणीला टाकलेला कोहळा

डोंबिवलीचा दुधी फार तापट होता. कारल्याला कीड लागली म्हणून कुणी विचारलं तरी तो तिथे जाऊन सरकारला शिव्या द्यायचा. नाशिकचं घोसाळं सगळ्यांना शिस्त लावायचं. पुण्याचा शेवगा गोड बोलून आपल्या मुलासाठी मुलगी शोधायचा. पडवळ कुठलं ते कधी कळलं नाही. या सगळ्यांना मी काही वर्षं सांभाळलं, आणि त्यांच्यापैकी एकाचंही तोंड मी पाहिलेलं नाही.

मी चौथीपर्यंत शिकले. नंदाखालला आमची वाडी. घरची केळी, पालेभाजी, मुळा, अळू काढायचं आणि विरारच्या बाजारात नेऊन विकायचं, यात माझा जन्म गेला. मग गुडघे गेले आणि बाजार सुटला. घरात बसून भिंतींकडे बघायची मला सवय नाही. त्या वयात मला कॉम्प्युटरवरचं काम लागलं. पगार नव्हता, पण काम होतं, आणि ते मी नीट केलं. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत.

माझ्या बहिणीचा मुलगा विल्यम. बहीण लवकर वारली, तेव्हापासून तो माझ्याकडे. वसईला कॉम्प्युटरच्या ऑफिसात लागला, जेसिंताशी लग्न केलं, आणि दोन हजार सालानंतर केव्हातरी त्याने घरी एक फोरम काढला. तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं. ते चालू असलं की फोन बंद. आधी कुईकुई आवाज यायचा, मग पान उघडायचं, तेही डोक्यापासून पायापर्यंत हळूहळू.

फोरम म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. आमच्या गावात क्रूसाजवळ ओटा आहे. संध्याकाळी चार माणसं बसतात. एकाने विचारलं, माझी केळ का वाकली? दुसरा सांगतो, तिसरा दुसऱ्याला खोटं पाडतो. फोरम तेच, फक्त माणसं ओट्यावर नसतात, कुणी ठाण्यात, कुणी कॅनडात. एकाने विचारलं की बाकीचे त्याखाली लिहितात. त्या सगळ्याला मिळून धागा म्हणायचं. विल्यमचा फोरम परसबागेचा होता. कुंडीतली, गच्चीतली, वाडीतली भाजी आणि फुलं, एवढाच विषय.

लोकांना एवढाच विषय पुरत नाही, हे विल्यमला महिन्याभरात कळलं. एक दिवस तो डोकं धरून बसला होता.

"मावशी, मिरचीच्या धाग्यावर दोघांची जातीवरून जुंपली आहे."

"मिरचीची काय जात?"

"मिरचीची नाही. आडनावांवरून."

मी म्हटलं, "मग आडनावं काढून टाक. सगळ्यांना भाज्यांची नावं दे."

त्याने तसं केलं. तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्याने आपलं नाव, आडनाव बाहेर ठेवायचं आणि एक भाजी निवडून आत यायचं. आमच्या भागात नाव ऐकलं की माणसाचा धर्म, आळी, त्याच्या आजोबांनी कुणाचा बांध कोरला होता, सगळं कळतं. दुधी म्हटल्यावर काही कळत नाही. भांडणं निम्मी झाली. बाकीची निम्मी माझ्या वाट्याला आली.

"मावशी, तू मॉडरेटर हो," विल्यम म्हणाला.

"म्हणजे काय रे करायचं?"

"तू बाजारात करत होतीस तेच. माणसाला तोडायचं नाही, पण विषयावर आणायचं."

हे मला येत होतं. बाई मेथी घ्यायला येते आणि सुनेचं सांगत बसते. मागे चार गिऱ्हाइकं खोळंबतात. तिला गप्प बस म्हटलं तर ती पुन्हा येत नाही. तिच्या हातात जुडी द्यायची आणि विचारायचं, "सुनेला मेथी आवडते का गो?" बस्स. ती मेथीवर परत येते.

काम असं चालायचं. कुणी काही लिहिलं की ते आधी आमच्याकडे येई. आम्ही सोडलं तरच लोकांना दिसे. पुष्कळ जण मराठी लिहायचे पण इंग्रजी अक्षरांत, ते मला वाचता येत नव्हतं. म्हणून संध्याकाळी जेसिंता कॉम्प्युटरपुढे बसून मोठ्याने वाचायची, मी बाजूला खाली बसून जुड्या बांधायचे. आमची भाजी तेव्हा दुसरी बाई बाजारात नेत असे. जेसिंता वाचून थांबली की मी सांगायचे: सोड, किंवा परत पाठव, किंवा वळचणीला टाक.

वळचण ही माझी कल्पना. विल्यम विषय सोडून लिहिलेलं सरळ पुसून टाकायचा. मला ते पटेना. माणसाने बसून, वेळ काढून लिहिलेलं असतं. घरात नको असेल तर छपराच्या कडेला ठेवावं. विल्यमने एक कोपरा केला, त्याला वळचण नाव दिलं. तिथलं कुणालाही वाचता यायचं, पण तिकडे कुणी फिरकत नसे.

ऐकून काम केल्याने एक गोष्ट मला लवकर समजली. माणूस विषय सोडतो तो शेवटी शेवटी. सुरुवात भाजीची असते, शेपटी दुसरीच असते. शेवग्याने 'रोप देणे आहे' या धाग्यावर लिहिलं होतं की रोप उत्तम वाढलेलं आहे, उंची पाच फूट आठ इंच, निर्व्यसनी, बँकेत कायम. मी त्याला कळवलं की असलं रोप कुंडीत मावत नाही, दुसरीकडे लावा. दुधीला जेसिंताकडून कळवलं, "तुमच्या सरकारला कीड लागली असेल तर तिचं औषध आमच्याकडे नाही. कारल्याला लागली असेल तर कडुनिंब आहे." तो आठवडाभर रुसला आणि नंतर कडुनिंब कसा उकळायचा ते विचारायला आला.

पडवळाचं मात्र वेगळं. त्याने विचारलं होतं, मोगऱ्याला पाणी किती घालायचं. खाली लिहिलं होतं की पाणी बायको घालायची, ती गेल्या महिन्यात वारली, तिने कधी सांगितलं नाही आणि आपण कधी विचारलं नाही.

विल्यम म्हणाला, "पहिली ओळ ठेवू, बाकी वळचणीला."

मी म्हटलं, "हात लावू नको. सगळं मोगऱ्याचंच आहे."

त्या धाग्यावर घोसाळ्यानेसुद्धा कुणाला शिस्त लावली नाही. सगळ्यांनी फक्त पाण्याचं सांगितलं.

आता कोहळ्याचं सांगते.

कोहळा मस्कतला होता. शुक्रवारी सुट्टी असायची त्याला, म्हणून तो शुक्रवारीच लिहायचा. तिथल्या गच्चीवर रंगाच्या रिकाम्या डब्यात त्याने कोहळ्याचा वेल लावला होता. वेलाबद्दल एक ओळ लिहायचा आणि मग दहा ओळी घरच्या. त्या दहा ओळी आम्ही वळचणीला टाकायचो. तो कधी कुरकुरला नाही. पुढच्या शुक्रवारी पुन्हा एक ओळ वेलाची आणि दहा घरच्या.

मे महिना होता. शनिवारी संध्याकाळी जेसिंता वाचायला बसली आणि म्हणाली, "मावशी, कोहळ्याचं काल आलेलं विल्यमने सकाळीच वळचणीला टाकलंय. वेलाचा एक शब्द नाही म्हणून. पण तुम्ही ऐका."

तिने वाचलं. ते मला अजून जसंच्या तसं आठवतं.

"विषय सोडून लिहितोय, माफ करा. या रविवारी मिस्सा झाल्यावर गावी आमच्या बावखलाचा गाळ काढणार आहेत. मला रजा नाही. आमची टोपली काका उचलायचे, ते यंदा मुलीकडे राहायला गेले. आई स्वतः उतरणार म्हणते. तिला डोळ्यांनी नीट दिसत नाही. हे ती आणि मी सोडून कुणाला माहीत नाही. हाताने चाचपून सगळं करते आणि कुणाला कळू देत नाही. पायऱ्यांना शेवाळ आहे. नाव, गाव लिहीत नाही, आईला कळलं तर ती माझ्याशी जन्मात बोलणार नाही. पण तुमच्यापैकी कुणी वसईकडचं असेल आणि अशी एखादी म्हातारी उतरताना दिसली, तर तिला अडवा. एवढंच."

हे बाहेरच्यांना समजायचं नाही, म्हणून थोडं सांगावं लागेल. मिस्सा म्हणजे आमच्या देवळातली, चर्चमधली, रविवारची प्रार्थना. बावखल म्हणजे वाडीत खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं आणि उन्हाळ्यात वाडीला लागतं. एका बावखलात सात-आठ घरांचा वाटा असतो. पावसाआधी पंपाने पाणी उपसायचं आणि तळाचा गाळ काढून केळींना घालायचा. आता गाळ मजूर घमेल्यांनी काढतात. पण आमच्या बावखलावर पहिली टोपली घरच्यांनीच काढायची अशी रीत आहे. प्रत्येक घराची बांबूची टोपली काठावर पालथी ठेवतात. घरचं माणूस उतरतं, टोपली उलटी करून गाळाने भरतं, वर आणून आपल्या ढिगावर ओततं. टोपली पालथीच राहिली तर ते घर वाट्यातून उठलं असं धरतात. आणि घरच्यांनी सगळ्यांदेखत सांगितल्याशिवाय दुसऱ्याने त्या टोपलीला हात लावायचा नाही. लावला तर, तुमचं घर संपलं, असं तोंडावर म्हटल्यासारखं होतं. त्यावरून आमच्याकडे डोकी फुटलेली आहेत. ती रीत आसपासच्या दोन-तीन बावखलांवरही होती, आणि त्या रविवारी सगळीकडेच गाळ निघायचा होता.

मी जेसिंताला म्हटलं, "विचार त्याला, कुठलं गाव?"

विल्यम मागे येऊन उभा होता. म्हणाला, "मावशी, तो आता पुढच्या शुक्रवारी बघणार. गाळ उद्या आहे."

"मग तू हे वळचणीला टाकलंस कशाला?"

"नियम तुझाच आहे."

नियम माझाच होता. नावं काढून टाकायची हाही माझाच. मी माणसांची तोंडं भाज्यांच्या मागे लपवली होती आणि आता मलाच एक तोंड शोधायचं होतं.

मी म्हटलं, "जेसिंता, वळचणीत त्याचं जेवढं पडलंय तेवढं सगळं वाच."

ती वाचत गेली. त्यांच्या बावखलाच्या काठाला उंडीचं झाड होतं. ते सगळ्याच बावखलांना असतं. त्यांची एक कोंबडी मिस्साच्या वेळी देवळात शिरायची. कोंबड्या शिरतातच. आई विरारच्या बाजारात भाजी विकायची. म्हणजे आमच्याच बाजूची, पण विरारला बसणाऱ्या बायका काय थोड्या होत्या? आजीच्या हातची भाकरी, कुणाचं तरी लग्न, बँडवाल्यांशी झालेलं भांडण. काही हाती लागेना.

जेसिंता थांबली. मग म्हणाली, "संपलं."

ती खोटं बोलत होती. इतकी वर्षं तिचा आवाज ऐकून काम केलं, एवढं मला कळतं.

"राहिलंय काहीतरी," मी म्हटलं.

"मावशी, ते मी तेव्हा वाचलंच नाही. मुळ्याचं काहीतरी आहे एवढंच मी सांगितलं आणि टाकून दिलं. तुम्ही रागवाल."

"वाच."

तिने विल्यमकडे बघितलं आणि वाचलं. "मुळ्याची आठवण आली म्हणून लिहितो. बाजारात आमच्या आईच्या बाजूला एक बाई बसायची. भाजी कमी आणि तोंड जास्त. आई म्हणते, तिचा मुळा तिच्यासारखाच, वरून पांढरा आणि आतून आग. झाडाखालच्या सावलीवरून दोघींची वीस वर्षं भांडणं. आता त्या बाईने बाजार सोडला. सगळी सावली आईला मिळाली. तर आई लवकर घरी येते. करमत नाही म्हणते."

विल्यम खोकला. जेसिंता कॉम्प्युटरच्या पाठीमागे काहीतरी शोधू लागली.

"नतालबाय," मी म्हटलं.

नतालबाय आमच्याच बावखलाची वाटेकरी, पलीकडच्या आळीतली. मुलगा परदेशात आहे एवढं मला माहीत होतं, पण तेव्हा दर दुसऱ्या घरातला मुलगा परदेशातच होता. बाजार सुटल्यापासून तिची माझी गाठ नव्हती. एकमेकींच्या घरी जायचं आमचं नातं नव्हतं. आता मला आठवलं, शेवटच्या वर्षी ती जुड्या नाकाजवळ नेऊन बघायची. मी तिला म्हणायचे, "वास कसला घेतेस, शिळी आहे का?" ती मला शिव्या द्यायची. तिने मला कळू दिलं नाही.

रविवारी सकाळी मी विल्यमला सांगितलं, "मी खूण केली की नतालबायची टोपली घेऊन उतरायचं. तोंड उघडायचं नाही."

"मावशी, तिच्या टोपलीला हात लावला तर मला गावात उभं करणार नाहीत."

"तीच तुला लावायला सांगेल."

"ती? आणि तुझ्या भाच्याला?"

"तू जुनी विजार घाल."

मिस्सा झाल्यावर आम्ही बावखलावर गेलो. पंपाने पाणी उपसून झालं होतं. खाली काळा गाळ चकाकत होता. काठावर टोपल्या पालथ्या पडल्या होत्या. एका घराची टोपली तशीच राहणार हे सगळ्यांना माहीत होतं, ते घर फ्लॅटमध्ये गेलं होतं. ज्याच्या हाती सगळी देखरेख असायची तो पास्कूदादा उंडीखाली उभा होता. आणि नतालबाय पदर खोचून पायऱ्यांच्या तोंडाशी उभी होती. टोपली काखेत. पायाच्या अंगठ्याने पहिल्या पायरीची कड शोधत होती. बघणाऱ्याला वाटावं, पाणी किती गार आहे ते बघतेय. फक्त पाणी नव्हतं तिथे.

तिला हळूच बाजूला घेऊन सांगितलं असतं तर ती हट्टाने आधी उतरली असती. मी समोरच्या काठावरून ओरडले, "नतालबाय, माझी सावली तू बळकावलीस असं ऐकलं!"

तिचा पाय हवेत थांबला.

"कोन गो ती? मोनी काय?"

"मोनी नाही तर कोण? वीस वर्षं बाजूला बसले, आवाज विसरलीस?"

तिने पाय मागे घेतला. तोंड माझ्या बाजूला वळवलं. माझ्या नाही, माझ्या आवाजाच्या बाजूला. ते मला कळलं, दुसऱ्या कुणाला कळलं नाही.

"तुझी सावली? झाड तुझ्या बापाने लावला काय?"

"माझ्या बापाने नाही लावलं, पण पाणी मी घातलं. तू मुळ्याच्या पाल्याने पाणी शिंपडायचीस, तेवढं माझ्याच अंगावर यायचं."

"तुझा मुळा! किडका मुळा! देवाच्या दारात सांगते, किडका!"

माणसं हसू लागली. पास्कूदादा पुढे आला. "मोनीबाय, बाजाराचं बाजारात. हितं गाळाचं काम आहे. विषयाचं बोला."

हे वाक्य मी स्वतः इतक्या जणांना कळवलं होतं की मला हसू येणार होतं. मी म्हटलं, "पास्कूदादा, तुम्ही गप राहा जरा. हिशोब जुना आहे."

आणि मी बोलत बोलत काठाने तिच्याकडे चालत गेले. गुडघे ओरडत होते, पण मी त्यांच्याहून मोठ्याने ओरडत होते. झाडाच्या मुळाशी कुणी पहिली गोणी टाकली, कुणाचं गिऱ्हाईक कुणी तोडलं, कुणाच्या अळवाने कुणाचा घसा खवखवला, सगळं काढलं. ती एकालाही उत्तर द्यायची राहिली नाही. तिच्या गालांवर रंग आला होता. मी अगदी जवळ पोहोचले तेव्हा ती म्हणाली, "बाजूला हो, मला टोपली उचलायची आहे."

मी म्हटलं, "तू काय उचलतेस! तू पहिल्या पायरीवर असशील तोवर आमचा विल्यम तुझी टोपली भरून वर आणेल."

"कोन? तुझा तो कॉम्प्युटरवाला?" ती सगळ्यांकडे वळून ओरडली. "ऐका! गेल्या वर्षी त्याने स्वतःची अर्धी टोपली सांडली! तो माझी भरनार!"

"काठोकाठ भरेल."

"भरून दाखवू दे! ही घे टोपली! आन म्हणावं वर! सगळ्यांसमोर सांगते, आन!"

तिने काखेतली टोपली पुढे केली. मी विल्यमकडे बघितलं. तो गोरामोरा झाला होता, पण आला. टोपली घेतली आणि उतरला. तिसऱ्या पायरीवरून तो घसरला आणि बसूनच खाली पोचला. ती पायरी शेवाळलेलीच होती. मी नतालबायकडे बघितलं नाही.

गाळ त्याच्या कमरेपर्यंत आला. त्याने टोपली भरली, डोक्यावर घेतली आणि चढू लागला. वरचा गाळ तोंडावरून शर्टात गेला. माणसं टाळ्या वाजवत होती. जेसिंता पदर तोंडावर धरून हसत होती. तो वर आला तेव्हा डोळे तेवढे पांढरे दिसत होते.

नतालबायने हात पुढे करून टोपलीत घातला आणि बोटाने गाळ कुठवर आहे ते मोजलं.

"दोन बोटं कमी," ती म्हणाली. "चालेल. माझ्या ढिगावर ओत. तुझ्या मावशीच्या ढिगावर ओतशील, तुमचा भरोसा नाय."

त्याने ओतला. पास्कूदादाने मान हलवली आणि पुढच्या घराचं नाव घेतलं. नतालबायचं घर वाट्यात राहिलं, आणि ती काठावर राहिली.

मी जायला निघाले तेव्हा तिने माझा हात धरला. म्हणजे आधी दंड चाचपला आणि मग धरला. हळू आवाजात म्हणाली, "माझं बोलून झालं नाय अजून. पुढच्या वर्षी बघते तुला."

"मर आधी," मी म्हटलं.

पुढच्या शुक्रवारी कोहळ्याचं आलं. जेसिंताने वाचलं.

"गेल्या वेळचं मी उगाच लिहिलं. कुणाला अडवायची वेळच आली नाही. बाजारातली ती तोंडाळ बाई नेमकी तिथे आली आणि आईशी भांडली. भांडणाच्या भरात तिच्या भाच्यानेच आमची टोपली भरली. आई फोनवर एरवी ठीक आहे म्हणते आणि ठेवते. परवा बोलतच राहिली. मीच शेवटी फोन ठेवला. देवाने त्या बाईला असंच ठेवावं, सुधारू नये."

विल्यमला हसू आवरेना. म्हणाला, "सांगू का त्याला?"

"काय सांगणार? भाज्यांची नावं घेऊन बसलोय ना आपण? त्याची आई उद्या ऐकेल आणि जीव देईल."

"मग हे सोडू का? लोकांना आवडेल."

"वेलाचं काही लिहिलंय का त्यात?"

"नाही."

"मग वळचणीला टाक."

विल्यमचा फोरम पुढे बंद झाला. लोक दुसरीकडे गेले, जिथे कुणी अडवत नाही तिकडे. दुधी तिथे खूश असेल. धाग्यांतली भाजीची माहिती विल्यमने कुठेतरी काढून ठेवली आहे, ती पुस्तकांतही मिळते. वळचण काढून ठेवायचं त्याला सुचलं नाही, ती गेली. मला त्याचं वाईट वाटतं. ठेवायचंच होतं तर तेवढं ठेवायला हवं होतं.

पण त्याआधीचं एक राहिलं. कोहळा नाताळाला घरी आला होता. मी त्याला देवळात लांबून बघितलं, उंच, बापासारखा. सुट्टीत त्याने आईला डॉक्टरकडे नेलं, डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आणि तो परत गेला. पुढच्या मे महिन्यात पंपाने पाणी उपसलं, टोपल्या पालथ्या पडल्या. मी मुद्दाम उशिरा गेले. म्हटलं, यंदा तिला दिसतंय, तिचं ती बघेल.

बघते तर नतालबाय उंडीखालच्या दगडावर बसलेली. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. तिची टोपली काठावर तशीच पालथी, आणि पास्कूदादा कपाळाला हात लावून उभा. म्हणाला, "मोनीबाय, तुमच्यामुळे खोळंबलो. ही उचलत नाही आणि कुणाला उचला म्हणत नाही."

नतालबायने मला खालपासून वरपर्यंत निरखून बघितलं.

"किती म्हातारी झालीस गो तू," ती म्हणाली. मग दगडावर सरकून तिने बाजूला जागा केली, सावलीतली. "बस. हां, कुठवर आलो होतो आपन?"